मुक्काम पोस्ट ओर्व्हिएतो

सकाळी सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बॅगांसह बसमध्ये. युरोपच्या सहलीला जाऊन आलेल्या मराठी माणसाला हे सहा-सात-आठचं गणित तोंडपाठ असतं. त्या सहलींचे आपल्यावर उपकारच आहेत; त्यांच्यामुळे परदेशाची भीड चेपली. पण पुन्हा इटलीला जायचा योग आला, तर बॅग आठवडाभर एकाच खोलीत उघडी राहू द्या. टेकडीवरचं एखादं लहानसं गाव निवडा, रोज सकाळी खाली उतरा आणि दिवेलागणीला परत वर या. माझं मत विचाराल तर ते गाव ओर्व्हिएतो असावं.

रोम-फ्लॉरेन्सच्या जुन्या लोहमार्गावर, उम्ब्रिया प्रांताच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात हे गाव आहे. ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या तुफो नावाच्या खडकाचा सपाट माथा, चहूबाजूंनी तुटलेले कडे आणि त्या माथ्यावर वसलेलं गाव. स्टेशन पायथ्याशी आहे. तिथून वर न्यायला फ्युनिक्युलर, म्हणजे दोराने ओढली जाणारी रेल्वे आहे. १८८८ मध्ये ती सुरू झाली तेव्हा पाण्याच्या वजनावर चाले; आज विजेवर चालते. रेल्वे दाराशी असूनही वर गाड्यांची वर्दळ बेताची, हे मुक्कामासाठी सोन्यासारखं.

पण सोय हे या गावाचं दुय्यम कारण झालं. ओर्व्हिएतोत तुम्हाला जे दिसतं, त्याची उत्तरं आसपासच्या गावांत आहेत. प्रत्येक सहलीहून परतताना घरच्या गावाची एकेक गोष्ट उलगडत जाते.

पहिला प्रश्न खडकाचाच. त्यासाठी वीसेक किलोमीटरवरच्या चिविता दी बान्योरेज्योला जा. बान्योरेज्योपर्यंत बस आहे. पुढे दरीवरच्या पुलावरून पायीच जायचं. १९६५ मध्ये बांधलेला हा पूल सोडला तर चिवितात शिरायला वाट नाही. वर तुफो, खाली ठिसूळ चिकणमाती. पाऊस आणि ओढे माती पोखरतात आणि वरचा खडक कड्याकडून तुटत जातो. १६९५ च्या भूकंपानंतर लोक हळूहळू गाव सोडून गेले. इटालियन लोक याला ‘मरणारं गाव’ म्हणतात. आज तिथे मोजकीच माणसं राहतात. संध्याकाळी परतल्यावर ओर्व्हिएतोच्या कड्याकडे बघताना लक्षात येतं, की हाही तोच खडक आणि खाली तीच माती. १९७८ मध्ये ओर्व्हिएतो आणि तोदी या दोन गावांच्या टेकड्या सावरण्यासाठी इटलीने खास कायदा केला, तो याच धास्तीपोटी.

दुसरी सहल बोल्सेनाची. ज्वालामुखीच्या खोलगटात साठलेलं मोठं सरोवर, काठावर जुनं गाव आणि संत क्रिस्तीनाचं चर्च. श्रद्धा अशी, की १२६३ मध्ये इथे पूजाविधी करताना एका साशंक धर्मगुरूच्या हातातल्या प्रसादाच्या भाकरीतून रक्त ओघळलं आणि वेदीवरचं वस्त्र भिजलं. पोप चौथे अर्बन तेव्हा ओर्व्हिएतोत होते. ते वस्त्र त्यांच्याकडे आणलं गेलं. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘कॉर्पस ख्रिस्ती’ हा सण साऱ्या कॅथलिक जगासाठी जाहीर केला. ओर्व्हिएतोच्या कॅथेड्रलची, म्हणजे दुओमोची, पायाभरणी १२९० ची. ते वस्त्र आजही तिथल्या एका चॅपेलमध्ये जपलेलं आहे.

तिसरी सहल रोमची. प्रादेशिक गाडीने साधारण सव्वा तास. टायबरकाठच्या कास्तेल सांत’आंजेलो या किल्ल्यात जरूर जा. १५२७ मध्ये बंडखोर शाही सैन्याने रोम लुटलं, तेव्हा पोप सातवे क्लेमेंट इथे अडकून पडले आणि वर्षअखेरीस निसटून ओर्व्हिएतोला आले. ओर्व्हिएतोतही वेढा पडला तर पाण्याचं काय, ही चिंता होतीच. आपल्या आज्ञापत्रातही गड बांधण्याआधी पाणी पाहावं असं बजावलेलं आहे. क्लेमेंट यांनी अंतोनियो दा सांगाल्लो या स्थपतीला विहीर खोदायला सांगितलं. सुमारे ५३ मीटर खोल अशी ही संत पात्रित्सिओची विहीर. तिच्या भोवती एकमेकांत गुंफलेले दोन गोल जिने आहेत, प्रत्येकी २४८ पायऱ्यांचे. एकाने खेचरं रिकामी उतरत, दुसऱ्याने पाणी घेऊन चढत. वाटेत गाठच पडत नसे. काम १५३७ मध्ये संपलं, तोवर क्लेमेंट हयात नव्हते.

चौथी वाट उत्तरेला, कोर्तोनाकडे. स्टेशन खाली कामुचियात. तिथून बसने वर. धर्मप्रांताच्या संग्रहालयात फ्रा आंजेलिकोचं देवदूताच्या आगमनाचं चित्र आहे आणि लुका सिन्योरेल्लीची चित्रंही. सिन्योरेल्ली कोर्तोनाचाच सुपुत्र. या दोघांची नावं लक्षात ठेवा.

आता व्यवहाराचं. प्रादेशिक गाड्यांना आरक्षण लागत नाही, पण कागदी तिकिटावर गाडीत बसण्याआधी यंत्रात शिक्का मारून घ्या. नाहीतर दंड होतो. बसचं तिकीट शक्यतो आधीच तंबाखूच्या दुकानातून घ्या. रविवारी बस मिळेल अशी आशा धरू नका. तो दिवस रेल्वेचा ठेवा. दुपारी एकनंतर तीन-चार तास बरीच दुकानं आणि छोटी चर्च बंद असतात, तेव्हा भटकंती सकाळी उरकावी. भाड्याची मोटार घेतलीत तर जुन्या गावांतल्या निर्बंधित रस्त्यांवर शिरू नका. कॅमेरे नोंद घेतात. शाकाहारी माणसाची आबाळ होत नाही: उम्ब्रिकेल्ली नावाचा जाडसर, हाताने वळलेला पास्ता टोमॅटोच्या सॉसमध्ये मागावा. पाव अळणी लागेल. या भागात तो बिनमिठाचाच करतात.

आणि शेवटचा दिवस कुठेही जाऊ नका. पहिल्या दिवशी घाईने पाहिलेलं दुओमोतलं सान ब्रित्सिओ चॅपेल पुन्हा पाहा. त्याच्या छताचं काम १४४७ मध्ये फ्रा आंजेलिकोने सुरू केलं आणि अर्धवट सोडलं. अर्ध्या शतकानंतर सिन्योरेल्लीने ते पुरं केलं आणि जगाच्या अंताचे प्रसंग भिंतींवर रंगवले. एका चित्राच्या डाव्या कोपऱ्यात काळ्या वेषातले दोघे शेजारी शेजारी उभे आहेत: एक तो स्वतः, दुसरा फ्रा आंजेलिको. आधी काम सुरू करून गेलेल्याला त्याने आपल्याशेजारी जागा दिली. पहिल्या दिवशी ते गर्दीतले दोन चेहरे होते. कोर्तोनाहून आल्यावर ते ओळखीचे झालेले असतात. बाहेर या, तेव्हा पश्चिमेचं ऊन दुओमोच्या दर्शनी भिंतीवरच्या सोनेरी मोझेइकवर आलेलं असेल. पायऱ्यांवर बसा. बॅग उद्या भरता येईल.