कोलोनोस्कोपीची तयारी आणि पहाटेचा डोस

शौचातून रक्त गेले की आपल्या घरांत पहिला शब्द निघतो तो 'मूळव्याध'. मग शरमेपोटी महिनेच्या महिने चूर्ण आणि मलमावर निघतात. शेवटी डॉक्टर कोलोनोस्कोपी सांगतात, म्हणजे कॅमेरा बसवलेली लवचीक नळी खालून घालून मोठे आतडे आतून पाहणे. सोबत तयारीचा इंग्रजी कागद हातात पडतो. आम्ही शिक्षक, म्हणून असे कागद वाचून घ्यायला माणसे आमच्याकडे येतात.

भीती सगळ्यांना नळीची असते. पण तपासणी वाया जाते ती बहुधा अर्धवट तयारीमुळे. मळ राहिला तर लहानशी गाठ, म्हणजे पॉलिप, त्याखाली झाकली जाते. दिसली तर बहुतेक वेळा त्याच नळीतून काढता येते. राहून गेली तर काही गाठींचा पुढे कॅन्सर होतो.

दोन-तीन दिवस आधीपासून बाजरीची भाकरी, मेथी, तिळाची चटणी, खजूर, डाळिंब आणि राहात्याचा पेरूही बंद. बिया नळीत अडकतात. पांढरा भात, अंडे, साधा मासा चालतो. आदल्या दिवशी फक्त पातळ आणि पारदर्शक : नीट गाळलेली यखनी, बिनदुधाचा चहा, नारळपाणी, गाळलेले लिंबू सरबत. जमजम चालते, रूहअफजा नाही! लाल रंग आतून रक्तासारखा दिसतो.

औषध बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकोलची पूड असते, 2 किंवा 4 लिटर पाण्यात मिसळायची. ही पूड शरीरात जवळपास शोषली जात नाही. पाणी धरून ठेवते आणि आतडे धुऊन काढते. सोबतचे क्षार मोजून घातलेले असल्याने शरीरातले क्षार फारसे घटत नाहीत. 1980 मध्ये अमेरिकेतील डॅलसचे डॉ. जॉन फोर्डट्रान आणि सहकाऱ्यांनी हे मिश्रण मांडले. आपल्या घरांत एरंडेल आणि सनामक्की असतेच, सनामक्कीचा उल्लेख हदीसमध्येही आहे. पण या कामासाठी मनाने त्यावर भागवू नये. इसबगोलही थांबवायचे, त्याने मळ वाढतो.

अर्धे औषध आदल्या संध्याकाळी आणि अर्धे तपासणीच्या 4 ते 6 तास आधी घ्यायचे असते. रात्रभरात वरून पित्त आणि चिकट स्राव उतरून आतड्याच्या उजव्या भागावर बसतो, म्हणून हा दुसरा डोस. सकाळी 9 ची वेळ असेल तर पहाटे 4 ला उठायचे. सहरीला उठणाऱ्या घरांना हे नवे नाही. अडचण वेगळीच आहे. जामखेड-पाथर्डीचा माणूस नगरला किंवा अकोल्याचा लोणीला जायला पहाटेची एसटी धरतो, आणि गाडीत शौचाची सोय कुठली, म्हणून तो डोस गुपचूप ओतून देतो. त्यापेक्षा आदल्या रात्रीच दवाखान्याजवळ नातेवाइकाकडे मुक्काम करावा. अब्बांना किंवा नानींना एकटे सोडू नये. अंधारात चक्कर येऊन पडतात. शेवटी गाळलेल्या लघवीसारखे पिवळसर पाणी पडले की आतडे साफ. तपकिरी राहिले तर आत जाण्याआधी सांगावे, लाजू नये. मळमळले तर अर्धा तास थांबून घोटघोट घ्यावे. पोट फुगून तीव्र कळा आल्या तर औषध थांबवून डॉक्टरांना फोन करावा.

मधुमेहाच्या गोळ्या, इन्सुलिन, रक्त पातळ करणारी औषधे, लोहाच्या गोळ्या यांचे काय करायचे, ते आठवडाभर आधी विचारून घ्यावे. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार असेल तर तोही तेव्हाच सांगावा. फॉस्फेटची औषधे अशा रुग्णांना घातक ठरू शकतात.

रमजानमध्ये तारीख आली तर रोजासाठी तपासणी लांबवू नये. आजारी माणसाला रोजा नंतर पुरा करण्याची सवलत कुरआनातच आहे. बायकांनी महिला डॉक्टर किंवा नर्स हवी असल्यास तारीख घेतानाच सांगावे. ऐनवेळी सोय होत नाही. गुंगीचे इंजेक्शन दिले तर त्या दिवशी मोटारसायकल दुसऱ्याने चालवावी.