‘मेलुहा’ पडद्यावर कधी येणार?

अमीश त्रिपाठींची शिवकथेवरची पहिली कादंबरी २०१० मध्ये इंग्रजीत आली, मराठीत ती ‘मेलुहाचे मृत्युंजय’ झाली आणि लाखोंनी खपली. २०१२ मध्ये करण जोहर यांच्या धर्मा प्रॉडक्शन्सने तिचे हक्क घेतले, तेव्हा चित्रपट आता आलाच असे सगळेच धरून चालले होते. तो झालाच नाही. २०२२ मध्ये शेखर कपूर यांचे नाव घेऊन मालिकेची नवी घोषणा झाली. याउलट भयकथाकार नारायण धारपांच्या एका कथेतून बीज घेतलेला ‘तुंबाड’ हा चित्रपट. दिग्दर्शक राही अनिल बर्वे यांनी त्याचा पहिला खर्डा १९९७ मध्ये, कोवळ्या वयात लिहिला. २००८ मध्ये तेव्हाच्या निर्मात्याने अंग काढून घेतले. तरीही १२ ऑक्टोबर २०१८ रोजी तो चित्रपटगृहांत लागला. अद्भुतकथा पडद्यावर येणार की नाही, हे पुस्तकाच्या खपावरून ताडायची आपली सवय म्हणूनच फसते.

काळेवाडीत राहून चाकण-भोसरीच्या कारखान्यांत कामाला जाणाऱ्या माणसाला हे वेगळे सांगायला नको. प्रदर्शनातली चकचकीत नमुना गाडी बघून तो हुरळत नाही; पत्र्याच्या डायची ऑर्डर टूलरूमला गेली का, ते विचारतो, कारण खरा पैसा तिथे अडकतो. कादंबरीचे हक्क घेणे हेही त्या नमुना गाडीसारखेच, बऱ्याचदा तो ठरावीक मुदतीचा बयाणा असतो. मुदत संपली की फारसे नुकसान न होता हात झटकता येतात. खरा खर्च पुढेच. त्यातून अद्भुतकथेत वाडा, पाऊस, राक्षस सगळेच घडवावे लागते. म्हणून माझ्या मते विचारायचा प्रश्न एवढाच: आता माघार घेतली तर कोण बुडेल?

‘तुंबाड’मध्ये याचे उत्तर स्वच्छ होते. विनायकरावाची भूमिका करणारे सोहम शाह स्वतःच निर्माते होते. काम अर्धवट सुटले असते तर पैसा आणि भूमिका दोन्ही गेली असती. चित्रीकरण २०१२ मध्ये सुरू झाले, पुढे बराच भाग नव्याने चित्रित करावा लागला. सासवडच्या पुरंदरे वाड्यात आणि कोकणात काम झाले. पडद्यावरचा तो कधीच न थांबणारा काळपट पाऊस मिळवायला चार पावसाळे खर्ची पडले. एवढे ओतल्यावर मागे फिरणे पुढे जाण्यापेक्षा महाग पडते. (धारपांच्या वाचकांना राक्षसापेक्षा ही चिकाटीच जास्त अद्भुत वाटली असेल.)

यावर कुणी म्हणेल, कॅमेरा फिरला म्हणजे काम झाले असे थोडेच आहे? आक्षेप रास्त आहे. रॉबर्ट जॉर्डन यांच्या ‘द व्हील ऑफ टाइम’ या अद्भुत कादंबरीमालेवरचा एक भाग फेब्रुवारी २०१५ मध्ये अमेरिकेतल्या एका वाहिनीवर ऐन मध्यरात्रीनंतर गुपचूप दाखवला गेला. हक्कांची मुदत संपत आली होती, ते निसटू नयेत म्हणून केलेली ही खटपट होती, असाच त्याचा अर्थ लावला गेला. ॲमेझॉनची भव्य मालिका त्यानंतर २०२१ मध्ये आली. आणि २०२२ मध्ये वॉर्नर ब्रदर्सने जवळजवळ तयार झालेला ‘बॅटगर्ल’ चित्रपट बासनात गुंडाळला, कारण तो दाखवण्यापेक्षा करात तोटा दाखवणे त्यांना परवडत होते. पण या दोन्ही उदाहरणांनी माझा प्रश्न खोडला जात नाही, उलट धारदार होतो. मध्यरात्रीच्या भागात कुणाचे फारसे पैसे अडकलेले नव्हते, आणि बड्या कंपनीला बुडीत रकमेतूनही काही वसूल करता येत होते. एकट्यादुकट्या निर्मात्याला ती सोय नसते.

चित्रपट लागेल का, याचा अंदाज असा बांधता येतो. लोक येतील का, याचा नाही. २०१८ मध्ये ‘तुंबाड’चे कौतुक झाले, पण गल्ला बेताचाच जमला. मग घरोघरी मोबाइलवर आणि टीव्हीवर तो पाहिला गेला, एकमेकांना सांगितला गेला. १३ सप्टेंबर २०२४ रोजी तोच चित्रपट पुन्हा लागला आणि पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला.