प्रगती खुंटली, तरी साधना सुटू नये

योगासनांचा वर्ग सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत शरीर झपाट्याने सैल होते. पुढे मात्र पश्चिमोत्तानासनात बोटे पावलांपर्यंत पोचता पोचत नाहीत आणि अनेकांचा सराव नेमका येथेच सुटतो.

यामागे शरीराचे गणित आहे. सुरुवातीची लवचिकता मुख्यतः ताण सहन करण्याची सवय झाल्याने येते. कंडरा आणि अस्थिबंध यांना रक्तपुरवठा कमी असल्याने त्यांतील बदल सावकाश घडतात. अशा वेळी जोर लावल्यास दुखापतच पदरी पडते.

ही अडचण जुनीच आहे. पतंजलींनी सांगितलेल्या नऊ अंतरायांत ‘अलब्धभूमिकत्व’, म्हणजे पुढची पायरी न गाठता येणे, याचीही गणना आहे. दीर्घकाळ, अखंड आणि आदराने केलेला अभ्यासच दृढ होतो, असे ते मानतात.

पुण्यात १९७५ मध्ये संस्था सुरू करणारे बी. के. एस. अय्यंगार यांनी पट्टे, लाकडी विटा, खुर्च्या यांचा आधार रूढ केला. पावलांना पट्टा अडकवल्यास पाठ न वाकवता आसनात स्थिर राहता येते. अशा काळात ठरलेल्या वेळी थोडा, पण रोज सराव करावा. प्रगती बोटांच्या अंतरावर न मोजता श्वास किती संथ राहतो, यावर मोजावी. सांध्यात वेदना झाल्यास मात्र थांबून जाणकारांचा सल्ला घेणे श्रेयस्कर.