कोंबुचा कशात आंबवायचा? काचेची बरणी की प्लास्टिकचा ड्रम



कोंबुचाचा घरगुती व्यवसाय सुरू करायचा म्हटलं की पहिली मोठी खरेदी भांड्याची असते, आणि तिथेच दोन तट पडतात. एक जण सांगतो, "आंबट पदार्थ आहे, काचच पाहिजे. प्लास्टिकमधलं काहीबाही उतरतं." दुसरा म्हणतो, "वीस लिटरची काच ओल्या हातातून सुटली तर थेट टाके घालायला जावं लागेल. प्लास्टिकच घ्या." दोघांचंही म्हणणं अर्धं बरोबर आहे. पण पैसे घालून माल करायचा असेल तर अर्ध्यावर भागत नाही.

ज्यांना कोंबुचा नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गोड चहा थंड करायचा, त्यात आधीच्या कोंबुचाचं विरजण आणि स्कोबी नावाची जाडसर साय टाकायची, तोंडाला फडकं बांधून आठ-दहा दिवस ठेवायचं. यीस्ट साखर खाऊन अल्कोहोल आणि वायू तयार करतं, बॅक्टेरिया त्या अल्कोहोलचं आम्ल करतात. चहा आंबट होतो. मग तो बाटलीत भरून, हवं तर आल्याचा किंवा फळाचा रस घालून, एक-दोन दिवस बंद ठेवला की फसफस येते. म्हणजे भांडी दोन लागतात. आंबवायचं मोठं आणि विकायची बाटली. दोन्हींचे धोके वेगळे आहेत, म्हणून दोन्हींचा विचार वेगळा करू.

हा वाद आला कुठून?

भांड्यांबद्दलचा बहुतेक सल्ला आपल्याकडे अमेरिकेतल्या घरगुती बिअरवाल्यांकडून आला आहे. तिकडे 1978 मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि 1979 पासून प्रौढ माणसाला घरापुरती बिअर करायला केंद्रीय कर आणि परवान्यातून सूट मिळाली. एकट्याला वर्षाला 100 गॅलन, म्हणजे साधारण 380 लिटर. विकायला मात्र बंदी. तेव्हापासून घरोघरी 5 गॅलनचे, म्हणजे 19 लिटरचे, अरुंद मानेचे काचेचे बुधले आले. त्यांच्या शेजारी प्लास्टिकच्या बादल्या आल्या आणि वादही सुरू झाला.

(आपल्याकडे हे करायला जाऊ नका. 1949 च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय दारू तयार करणं हा गुन्हा आहे. "घरच्यापुरती करतो" ही सबब चालत नाही.)

त्या लोकांचा अनुभव मोलाचा आहे, पण तो बिअरचा आहे. बिअरवाल्यांची प्लास्टिकबद्दल सगळ्यात मोठी तक्रार अशी की बादलीच्या भिंतीतून हळूहळू ऑक्सिजन आत जातो आणि महिनाभर ठेवलेली बिअर शिळी लागते. कोंबुचात ही तक्रार निकालातच निघते. आपण मुद्दाम फडकं बांधून ठेवतो, कारण आम्ल करणाऱ्या बॅक्टेरियाला हवा लागतेच. तसंच अरुंद मानेचा बुधला बिअरला चालतो, आपल्याला नाही. स्कोबी आत जाणार कशी, आणि हात घालून भांडं घासणार कसं? आपल्याला रुंद तोंड पाहिजे. इंटरनेटवर "प्रोफेशनल फर्मेंटर" म्हणून दिसला आणि बुधला मागवला, असं करू नका.

काच

काचेचे गुण खरे आहेत. आम्लाने तिला काही होत नाही, वास धरत नाही, घासून ओरखडे पडत नाहीत, आणि आत काय चाललंय ते बाहेरून दिसतं. बुरशी धरली तर पहिल्या दिवशी कळतं. शिकण्याच्या काळात याच्याइतकं चांगलं भांडं नाही.

पण तिचे तोटे वजनात आणि तापमानात आहेत. वीस लिटर द्रव म्हणजे वीस किलो, वर बरणीचं स्वतःचं वजन पाच-सहा किलो. पंचवीस किलोची गुळगुळीत, ओली, गोल वस्तू ओट्यावरून मोरीपर्यंत न्यायची. घरगुती बिअरवाल्यांचे जखमी हात यातूनच झालेत. मान धरून उचलली आणि मान हातात राहिली, किंवा धुताना निसटली. पोटाशी धरलेली मोठी बरणी फुटते तेव्हा तुकडे हाताच्या आणि मांडीच्या दिशेनेच येतात. अमेरिकेत लोक अशी बरणी दुधाच्या क्रेटमध्ये ठेवून क्रेटच उचलतात. आपल्याकडे दुधाच्या पिशव्यांचे क्रेट गल्लोगल्ली असतात. डेअरीवाल्याला विचारून रीतसर विकत घ्या.

आणि आपला कडाप्पा! साध्या काचेला तापमानातला एकदम बदल सोसत नाही. गरम चहा थंड बरणीत ओतला, किंवा गरम पाण्याने धुतलेली बरणी ओल्या गार कडाप्प्यावर ठेवली, की तळ गोल कापल्यासारखा सुटतो. ओट्यावर जाड टॉवेल किंवा रबरी मॅट असू द्या. चहा नेहमी कमी पाण्यात कडक करून, स्टीलच्या पातेल्यात साखर विरघळवून, मग उरलेलं गार पाणी घालून निववा. गरम चहात स्कोबीही मरतो, त्यामुळे हे एरवीही करायचंच आहे.

बरणीला तडा दिसला, अगदी केसाएवढा, तर त्यातला माल फेकून द्या. गाळून घेऊ नका. गाळणीतून निसटणारा काचेचा कण डोळ्याला दिसत नाही.

नळ असलेल्या सरबताच्या बरण्या सध्या फार दिसतात. दिसायला सुंदर, पण नळ तपासून घ्या. चकचकीत मुलामा दिलेला स्वस्त धातूचा नळ आठ-दहा दिवस आम्लात राहिला की मुलामा सुटायला लागतो. नळ स्टेनलेस स्टीलचा किंवा फूड ग्रेड प्लास्टिकचा हवा आणि तो पूर्ण उघडून धुता आला पाहिजे. काचेला भोक पाडलेली ती जागा सगळ्यात कमजोर असते, नळ जोरात आवळू नका.

प्लास्टिक

प्लास्टिकची भीती नेमकी कशाची बाळगायची, ते आधी ठरवू. नवीन, खाद्यपदार्थांसाठी बनवलेल्या एचडीपीई किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या भांड्यात, सामान्य तापमानाचा कोंबुचा आठ-दहा दिवस ठेवला तर त्याच्या आम्लाने ते भांडं विरघळत वगैरे नाही. खरी भीती तीन गोष्टींची आहे. उष्णता, ओरखडे आणि भांड्याचा पूर्वेतिहास.

उष्णतेचं वर आलंच. पारदर्शक पेटच्या बरण्या तर साधारण 70 अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतात, त्यात उकळतं पाणी ओतून "निर्जंतुक" करायला गेलात तर बरणी वाकडी होऊन बसेल.

ओरखडा बारीक दिसतो, पण त्यात जंतू दडी मारतात आणि मग कितीही धुवा, पुढच्या बॅचला विचित्र वास येतो. म्हणून प्लास्टिकच्या भांड्याला तारेची घासणी, काथ्या, हिरवा स्क्रबर, काहीही लावायचं नाही. मऊ कापड आणि कोमट पाणी. घरात मदतनीस भांडी घासत असेल तर हे भांडं तिच्याकडे जाऊच देऊ नका, किंवा तिला नीट समजावून सांगा. सवयीने हात घासणीकडेच जातो, त्यात तिची चूक नाही.

पूर्वेतिहासाचं मात्र मी कडक बोलणार आहे. भंगारवाल्याकडे किंवा ड्रमच्या बाजारात निळे ड्रम स्वस्तात मिळतात. त्यात आधी काय होतं हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. केमिकल, रंग, कीटकनाशक, काहीही. एचडीपीई वास आणि तेलकट पदार्थ शोषून ठेवतं. साबणाने बाहेरची घाण जाते, भिंतीत मुरलेलं जात नाही. पाणी साठवायला चालतं म्हणून आंबट पेय आंबवायला चालेल, असं नसतं. दुकानदार तळाचा त्रिकोण दाखवून सांगतो, "हे बघा साहेब, दोन नंबर, फूड ग्रेड." हे चुकीचं आहे. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. 1 म्हणजे पेट, 2 म्हणजे एचडीपीई, 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलिन. केमिकलच्या ड्रमवरही 2 असतोच.

मग बघायचं काय? भांड्यावर पेला-काट्याची खूण, आणि बिलावर किंवा वेगळ्या कागदावर उत्पादकाचं लेखी म्हणणं की हे खाद्यपदार्थांच्या संपर्कासाठी आहे. भारतीय मानकांचे क्रमांक लक्षात ठेवा: पॉलिथिलिनसाठी आयएस 10146, पॉलिप्रॉपिलिनसाठी आयएस 10910, पेटसाठी आयएस 12252. एफएसएसएआयच्या 2018 च्या पॅकेजिंग नियमांत हीच मानकं आहेत, आणि प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या एकूण अंशाची मर्यादा किलोला 60 मिलिग्रॅम अशी दिलेली आहे. क्रमांक विचारल्यावर दुकानदार गोंधळला तर दुसऱ्या दुकानात जा.

घरी आणल्यावर एक साधी परीक्षा घ्या. भांड्यात पाणी भरून झाकण लावा, रात्रभर ठेवा. सकाळी झाकण काढल्या काढल्या वास घ्या आणि पाणी चाखा. प्लास्टिकचा वास आला तर परत करा. लोणच्याचं भांडं कोंबुचाला वापरायचं नाही, हेही याच परीक्षेत कळेल. मोहरी आणि हिंग पुढची सहा महिने तुमची पाठ सोडत नाहीत.

पैशांचं गणित

आता खिशाकडे येऊ. समजा 25 लिटरचं नवीन फूड ग्रेड भांडं 900 रुपयांना पडलं. त्यात महिन्याला 3 बॅच, प्रत्येकी 20 लिटर. वर्षाला 36 बॅच, म्हणजे बॅचला 25 रुपये आणि लिटरला सव्वा रुपया. वर्षाने भांडं बदलायचं, हे आधीच खर्चात धरून ठेवा. जुना ड्रम 500 ला मिळाला म्हणून वाचले किती? लिटरमागे 55 पैसे. एवढ्यासाठी गिऱ्हाइकाच्या पोटाशी खेळायचं का, हे तुम्हीच ठरवा.

काचेचं गणित वेगळं लागतं. एक 20 लिटरची बरणी फुटली तर बरणीही गेली, बॅचही गेली. 5 लिटरच्या चार बरण्या ठेवल्या तर एका वेळी चौथाच हिस्सा धोक्यात असतो. एका बरणीला बुरशी लागली तरी बाकीच्या तीन वाचतात. त्या एका हाताने नाही तरी दोन हातांनी सहज उचलता येतात. मेहनत मात्र चौपट. चार फडकी, चार वेळा धुणं, चार चिठ्ठ्या.

माझं मत विचाराल तर पहिले सहा महिने 5 लिटरच्या काचेच्या बरण्या. विरजण सांभाळायची बरणी कायम काचेची. आठवड्याला 40-50 लिटरची मागणी ठरली की नवीन, रुंद तोंडाची फूड ग्रेड प्लास्टिकची भांडी. 20 लिटरची काच कुठल्याच टप्प्यावर नाही. त्यापुढे स्टेनलेस स्टील, पण तो विषय मोठा आहे. ॲल्युमिनियम, पितळ आणि स्वस्त रंगीत चिनी मातीची बरणी यांचा विचारही नको. आम्ल धातू खातं, आणि मातीच्या झिलईत शिसं आहे की नाही हे डोळ्याला दिसत नाही.

बाटली फुटते ती गिऱ्हाइकाच्या घरी

आंबवायच्या भांड्यावर लोक तासभर चर्चा करतात आणि बाटली मात्र दिसायला छान म्हणून निवडतात. खरा धोका तिथे आहे. बंद बाटलीत वायू कोंडतो. साधारण हिशोब असा: लिटरमधली 4 ग्रॅम साखर यीस्टने खाल्ली की बाटलीतल्या द्रवाइतका एक पट वायू तयार होतो. सोड्यात साडेतीन-चार पट असतो. तुमच्या कोंबुचात लिटरला 40 ग्रॅम साखर शिल्लक असेल आणि मे महिन्यात नागपूरच्या उन्हात ती यीस्टच्या तावडीत सापडली, तर हिशोब दहा पटींपर्यंत जातो. चौकोनी, पातळ, शोभेची काचेची बाटली याच्या निम्म्यालाही टिकत नाही. काच वापरायचीच तर सोड्या-बिअरच्या दाबासाठी बनवलेली, गोल, जाड बाटली घ्या.

याच हिशोबात दुसरी गोष्टही आहे. लिटरला साधारण 8 ग्रॅम साखर बंद बाटलीत आंबली की अल्कोहोल अर्ध्या टक्क्याच्या आसपास पोहोचतं, कारण हवा नसल्याने त्याचं आम्ल होत नाही. एफएसएसएआयच्या नियमात 0.5 टक्क्याच्या वर गेलेलं पेय मद्य धरलं जातं. म्हणजे बाटली जोरात फसफसते याचा आनंद मानण्याआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेतून अल्कोहोल तपासून घ्या.

इथे प्लास्टिक उपयोगी पडतं. प्रत्येक बॅचमधली एक बाटली सोड्याच्या पेट बाटलीत भरा, बाकीच्यांसोबत त्याच जागी ठेवा. दाबून बघत राहा. ती दगडासारखी टणक झाली की सगळा माल लगेच फ्रिजमध्ये. काचेची बाटली दाबून काही कळत नाही, ही कळवते.

फ्रिजमध्ये वायू थांबत नाही, फक्त मंदावतो. म्हणून "फ्रिजमध्येच ठेवा" हे लेबलवर मराठीत, मोठ्या अक्षरात छापा. आणि दुकानात माल लावताना एकदा विचारून घ्या, रात्री दुकान बंद करताना फ्रिजचा मेन स्विच बंद करता का? बरेच जण करतात.