दादरला परतलात, कर कुठे भरायचा?

लंडनची नोकरी संपवून दादरला कायमचे परतलात, तरी तिथल्या खासगी पेन्शनवर ब्रिटनचा कर कापला जाऊ शकतो. 1993च्या भारत-ब्रिटन करारानुसार अशी पेन्शन फक्त राहत्या देशात करपात्र. पण तिथल्या कर खात्याला हे पटवायला आधार कार्ड, वीजबिल पुरत नाही; आपल्या आयकर अधिकाऱ्याचा रहिवास दाखला लागतो. 1961च्या कायद्याखाली त्यासाठी अर्ज 10एफए, दाखला 10एफबी. अर्ज तुमचा पॅन ज्या अधिकाऱ्याकडे आहे त्याच्याकडेच. लालबागच्या पिरामल चेंबर्समधलं आयकर कार्यालय जवळ पडतं म्हणून तिथे खेटे घालू नका.

आर्थिक वर्षात 182 दिवस भारतात राहिलात की रहिवासी, म्हणून शिक्के असलेला जुना पासपोर्ट जपा. ब्रिटिश सरकारी नोकरीच्या पेन्शनला मात्र नागरिकत्वही पाहतात, आणि तिथे ओसीआय कार्ड चालत नाही.