कार्बन घेताय? आधी हवा बघा!

देवगाव फाट्यावर एसटी थांबली की चहा मस्ट! यंदाच्या दिवाळीत मात्र तिथून मी सायकल दामटली, थेट जिंतूरजवळच्या नेमगिरीच्या टेकड्यांकडे. सायकल माउंटन बाइक खरी, पण अ‍ॅल्युमिनियमची आणि मागे शॉकअप नसलेली. गिट्टीच्या रस्त्याला लागले आणि अर्ध्या तासात तळहातांना मुंग्या. ‘घ्यावी का आता कार्बन फ्रेम, ईएमआयवर?’ तुमच्याही ऑफिसच्या सायकल ग्रुपमध्ये हीच चर्चा असेल ना?

तर फंडा असा. कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी, असं हे कॉम्पोझिट. धागे कोणत्या दिशेने आणि किती थर लावले, त्यावर फ्रेम कुठे ताठ, कुठे लवचिक ते ठरवता येतं. पेडलपाशी ताठ, सीटमागे जरा नरम. 2001 साली कॅननडेलने ‘स्काल्पेल’मध्ये मागच्या चाकाकडे जाणाऱ्या नळ्यांतला सांधाच काढून टाकला. कार्बनच वाकेल, म्हणाले. आणि वाकला! पण मागे शॉकअप होताच. खरा दणका तोच गिळत होता.

गोम इथेच आहे. गिट्टीची बारीक थरथर वेगळी, खड्ड्याचा दणका वेगळा. थरथर कॉम्पोझिट बऱ्यापैकी जिरवतं. दणक्यासाठी मात्र काहीतरी दबायला हवं. पुढचा फोर्क 100 मिलिमीटर दबतो, मागे शॉकअप नसलेली फ्रेम जेमतेम काही मिलिमीटर.

थरथरच जिरवायची तर बांबूही आहे की! तो निसर्गाचं कॉम्पोझिटच. कार्बन फ्रेम बनवणाऱ्या अमेरिकेच्या क्रेग कॅल्फीने 1990 च्या दशकात बांबूची सायकल केली. सांध्यांना हेम्पचे धागे आणि इपॉक्सी. आपल्या पुण्यातही ‘बांबूची’ नावाने अशा सायकली बनल्या आहेत. भारी दिसतात, बाय द वे.

आणि हो, सेकंडहँड कार्बन घेताना सांभाळून. अ‍ॅल्युमिनियमला पोचा पडला की दिसतो. कार्बनचे थर आतल्या आत सुटतात, वर रंग चकाचक. नाण्याने टकटक करा. मध्येच आवाज बद्द आला तर चढूच नका, जाणकाराला दाखवा. आवाज ठणठणीत आला म्हणजे फ्रेम ओके, असंही नाही हं!

दुसऱ्या दिवशी फाट्यावरच्या पंक्चरवाल्या काकांकडे गेले. टायरमध्ये 50 पीएसआय हवा निघाली. म्हटलं, 30 वर आणा.

“ताई, लोक हवा भरायला येतात!”

त्याच गिट्टीवरून पुन्हा गेले. मुंग्या जवळजवळ गायब. काकांनी पैसेही घेतले नाहीत.