आमवात, लेबलाबाहेरचे औषध आणि गुरुवारची गोळी



ऊस लागणीच्या नोंदी घ्यायला गटात फिरताना हल्ली एक प्रश्न वरचेवर कानावर येतो. “साहेब, आमवाताला डॉक्टरांनी कॅन्सरची गोळी दिलीय. घ्यावी का नको?” मी डॉक्टर नव्हे, शेतकी डिप्लोमावाला माणूस. पण हाच प्रश्न आमच्या थोरल्या वहिनींनी विचारला आणि गोळी दोन आठवडे फडताळात तशीच पडून राहिली. तेव्हा डॉक्टरांकडून तिची हकिकत समजून घेतली, ती सांगतो.

आमवात म्हणजे झिजेची गुडघेदुखी नव्हे. रोगाशी लढणारी शरीराची शक्ती आपल्याच सांध्यांच्या अस्तरावर उलटते. सकाळी बोटे तासभर आखडलेली असतात. वहिनींना धारेची चरवी धरवत नव्हती. वेळेत आवरले नाही तर सांधे वाकडे होतात आणि मग औषधाने सरळ होत नाहीत.

गोळीचे नाव मेथोट्रेक्सेट. पेशी वाढायला फॉलिक ॲसिड लागते, त्याच्यासारखेच दिसून हे औषध त्याची वाट अडवते. याच जातीचे ॲमिनोप्टेरिन बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी रक्ताचा कॅन्सर झालेल्या मुलांना दिले, तो अहवाल १९४८ चा. ही औषधे ज्या लेडर्ली कंपनीत तयार झाली, तिथले संशोधनप्रमुख आपल्या आंध्रातल्या भीमावरमचे डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १९५१ साली अमेरिकेत ॲमिनोप्टेरिन आमवातावर देऊन पाहिले आणि सूज उतरली. पण तेव्हा सगळीकडे कॉर्टिसोनची हवा होती, इकडे फारसे कोणी पाहिले नाही. पुढे नीट चाचण्या झाल्या आणि १९८८ साली अमेरिकी सरकारने मेथोट्रेक्सेटच्या लेबलावर आमवात घातला. मधली ३७ वर्षे आमवाताच्या रोग्यांनी ही औषधे लेबलाबाहेरच घेतली. आज आमवाताला बहुधा पहिले औषध हेच देतात.

लेबल म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कीटकनाशकाच्या डब्यावर पीक, कीड, मात्रा छापलेली असते, तोच लेबल क्लेम. त्यात नसलेल्या पिकावर औषध मारू नका, हे माझे सांगणे कायम आहे. डॉक्टरांना मात्र रोगी पाहून लेबलाबाहेर जाता येते. पण मग आधार काय, मुदत किती, तपासणी कोणती, गुण नाही आला तर बंद कधी, हे त्यांना विचारून घ्यावे. लेबलाबाहेरचा प्रत्येक प्रयोग फळतोच असे नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियाचे औषध आमवाताला लागू पडले, पण २०२० साली करोनावर त्याची धावाधाव झाली, ते ठरले निरुपयोगी, आणि आमवाताच्या रोग्यांना मात्र गोळ्या मिळेनात.

आता मुख्य गोष्ट. आमवातात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे. कॅन्सरला मात्रा फार मोठी, इथे बहुधा आठवड्याला ७.५ ते २५ मिलिग्रॅम. वहिनींच्या पाकिटावर दुकानात कोणीतरी “रोज १” लिहून दिले. पाचव्या दिवशी तोंड आले, घास गिळवेना. पुतण्याने डॉक्टरांचा कागद काढून वाचला तेव्हा उलगडा झाला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरल्या होत्या. दवाखान्यात ठेवून उतारा द्यावा लागला. अशा चुकीने माणसे दगावलेली आहेत, म्हणून घरातले झाकून न ठेवता लिहितोय.

आता त्यांचा वार गुरुवार, कॅलेंडरवर लाल खूण. फॉलिक ॲसिडची गोळी दुसऱ्या दिवशी. रक्त, लिव्हर, मूत्रपिंडाची तपासणी डॉक्टर सांगतील तेव्हा. दारू बंद (हे पुरुष सभासदांसाठी लिहिले). मूल हवे असेल तर डॉक्टरांना आधीच सांगावे, गरोदरपणात ही गोळी चालत नाही. ताप, तोंड येणे, कोरडा खोकला किंवा दम लागला तर पुढची गोळी न घेता दवाखाना गाठावा. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. तेवढा धीर नसतो म्हणून माणसे बिननावाच्या पुड्यांकडे वळतात. त्यात पुष्कळदा स्टिरॉइड असते. दुसऱ्याच दिवशी बरे वाटते, पुढे साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात. पण बरेच दिवस घेतली असेल तर एकदम सोडू नका, पुडी घेऊनच डॉक्टरांकडे जा.

वहिनींची चौथी तपासणी गेल्या सोमवारी झाली. बोटे अजून सकाळी वीसेक मिनिटे आखडतात. चरवी मात्र आता त्याच धरतात.

— ऊस विकास अधिकारी